खिडकीखालची ओल

प्रिय ताई,

फोन करायचा सोडून हा भाऊ माझा पत्र काय लिहीत बसलाय, असं म्हणशील. पण तुझा फोन म्हणजे जाहीर सभा असते. तू तो स्पीकरवर टाकून भाजी निवडतेस, भावोजी आतून खोकून हजेरी लावतात, आणि सुटीच्या दिवशी चिमी तिथेच ओट्याशी उभी असते. मला जे सांगायचंय ते एकट्या तुलाच सांगायचंय. तेव्हा चष्मा लाव, दार लोटून घे आणि शांतपणे वाच. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, ते तुला नवीन नाही. सध्या उजवा खांदा वर जात नाही, त्यामुळे कोंबडी जरा लंगडीही आहे.

तर बातमी अशी, की गळती सापडली. चिमीला मी कळवलंय, फक्त एवढंच, की सापडली, बंद केली, आता ये. ती ‘बघते’ म्हणाली नाही, ‘येते’ म्हणाली. पुढच्या सुटीत ठमीला घेऊन येणार आहे, आणि तुलाही बरोबर आणणार आहे म्हणे. सहा वर्षांनी माझी लेक माझ्या बोटीवर पाऊल ठेवणार. ठमीला आजोबा म्हणजे फोनमधलं एक टक्कल, एवढंच माहीत आहे. तिला उचलून सुकाणूपाशी उभं करायचं आणि मनसोक्त भोंगा वाजवू द्यायचा, एवढं एकच मागणं माझं उरलंय. बाकी सगळ्याचा आता कंटाळा आला.

चिमीची अट तुझ्यासमोरच घातलेली आहे. तुझी भावजय गेली, तुझ्या घरी माणसं बसलेली होती, आणि ही पोर सगळ्यांदेखत म्हणाली, की बाबा, तुझ्या गळक्या बोटीने माझी आई नेली. ते पाणी कुठून येत होतं हे मला दाखवशील तेव्हाच मी तिथे पाय ठेवीन. तू तिला गप्प केलंस. बोट माझी, उभी हयात बंदरात बोटी चालवण्यात गेलेली, आणि स्वतःच्या बायकोच्या उशाशी येणारं पाणी मला थांबवता आलं नव्हतं. नंतर चिमीने फोन करायचं टाकलं नाही, तेवढी ती माझी आहे. गोळ्या घेतल्या का, जेवलास का, दोन प्रश्न आणि ठेवते. कर्तव्याचा फोन कळतो गं. उत्तर पुरं व्हायच्या आत पलीकडून भांडी वाजायला लागतात.

तू बोटीवर पाहुणी म्हणून राहिलीस, म्हणून तुला यातली गंमत सांगतो. खालून पाणी शिरलं तर मला त्याची भीती नाही. ते सरळ असतं, तळाला साठतं, पंप लावला की जातं. पावसाचं पाणी मात्र महालबाड. शिरतं एकीकडे, लाकडाच्या पट्टीवरून गुपचूप चालत जातं आणि टपकतं भलतीकडे. जिथे टपकतं तिथे जो भोक शोधत बसतो तो मूर्ख, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो, आणि स्वतःच्या बोटीत तेच करत बसलो. ओल यायची डाव्या पलंगाच्या उशाशी. बरोबर वर छपरावर दिवा. मग माझा सगळा राग त्या दिव्यावर. तो किती वेळा उतरवला आणि किती वेळा खाली नवं सीलंट भरून बसवला, ते त्यालाच माहीत. छपरावरच्या झाकणाचं रबर बदललं. कठड्याचे खांब एकेक करून उपटले, भोकं साफ केली, पुन्हा बसवले. दर पावसाळ्याआधी मी छाती पुढे काढून सांगायचो की यंदा नाही गळणार, आणि दर पावसाळ्यात उशाशी भांडं ठेवायचो. धक्क्यावरची मंडळी तर मला ‘काय, तुमचा नळ कसा आहे’ असंच विचारायची. मी हसायचो. न हसून करतो काय?

त्या पलंगावर मी कधी झोपलो नाही. गादी टाकून दिली, नुसत्या फळ्या राहिल्या, त्याही पुढे काळ्या पडल्या. मी उजवीकडे झोपतो आणि पाऊस असला की समोर ते टपटप ऐकत पडतो. तू म्हणायचीस, विकून टाक ती बोट आणि माझ्याकडे ये. आलो असतो गं. पण पाणी कुठून येतं ते कळायच्या आत विकली असती, तर चिमीला दाखवायला माझ्याजवळ काय राहिलं असतं?

आता सापडली कशी ते ऐक. हे काम खरं दोन माणसांचं. एकाने बाहेर पाइप धरायचा, दुसऱ्याने आत विजेरी घेऊन बसायचं आणि पाणी दिसलं की ओरडायचं. मी एकटा. बाहेर पाणी सोडायचं, नळ बंद करायचा, धापा टाकत खाली उतरायचं, तोवर आत सगळीकडे ओलंच ओलं, पहिला थेंब कुठला ते कोणी सांगावं? यंदा शेजारच्या बोटीवर मास्तरीणबाई राहायला आल्यात. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच, आणि बोलायला कोणी मिळालं की सोडत नाहीत. त्यांना म्हटलं, मदत करा. त्या विजेरी, उशी आणि चहाचा थर्मास असा सगळा सरंजाम घेऊन आत बसल्या. मी आधी कपाटं रिकामी केली, पंखा लावून आतलं सगळं वाळवलं, भिंतीच्या फळ्या काढल्या आणि लाकडावर खडूची पूड चोळली, म्हणजे थेंब आला की रेघ उमटते. पाणी खालून वर न्यायचं असतं. आधी कडेची पट्टी, मग खिडक्या, सगळ्यात शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली की सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. दरवर्षी मी खिडक्यांवरून घाईघाईत पाणी फिरवून मोकळा व्हायचो आणि माझ्या त्या लाडक्या दिव्यापाशी जायचो.

या वेळी डाव्या खिडकीवर पाइप धरला आणि आतून मास्तरीणबाईंनी एका विद्यार्थ्याची हकिकत सुरू केली. पोरगा म्हणे इतका बेसूर होता की त्याला बाई स्नेहसंमेलनात नुसते ओठ हलवायला सांगायच्या, आणि पुढे तोच मोठ्या हॉटेलात गायला लागला. हकिकत काही संपेना. मधेच तोडून पुढे सरकणं बरं दिसेना, म्हणून मी आपला हूं हूं करत तिथेच पाणी ओतत उभा. आणि हॉटेलातल्या गाण्याच्या ऐन मध्यात बाई थांबल्या आणि म्हणाल्या, अहो, आलं की इथे. छपराला अजून थेंबही लागला नव्हता. मी आत गेलो. खिडकीच्या चौकटीमागून खडूवर रेघ उतरली होती, आडव्या पट्टीवरून मागे मागे गेली होती आणि बरोबर उशाशी येऊन टपकत होती. धक्क्याला बांधली की आपली बोट जराशी मागे झुकते. एवढंच होतं सगळं. मी तिथेच फळ्यांवर बसलो. बाईंनी थर्मासमधला चहा दिला.

सरकत्या खिडकीला खाली एक खाच असते, तिच्यात काच फिरते. पावसाचं पाणी त्या खाचेत साठणारच. ते बाहेर जावं म्हणून चौकटीला बारीक भोकं ठेवलेली असतात, कारखान्यातूनच. ती मोकळी असली की बोट कोरडी. ती बुजली की खाच भरते, भरली की पाणी आतल्या काठावरून भिंतीत उतरतं. रिमझिम पावसात नाही, चांगला धरून पडला की मगच. माझ्या त्या भोकांचं तोंडच दिसेना. वर मळ, मळाखाली मेण. सहा वर्षांचं, दगड झालेलं. बारीक तारेने टोकरलं तर आतून काळा बोळा निघाला. चिमटीत पिळला, उलगडला, आणि आतली लोकर नारिंगी होती. सगळ्या भोकांत तीच.

मास्तरीणबाई वाकून बघत होत्या. हे कोणी भरलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पक्षी असतील, घरट्यासाठी आणलं असेल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मेणसुद्धा पक्ष्यांनीच लावलं का, असं त्या हळूच म्हणाल्या, आणि मग आपली उशी आणि थर्मास उचलून, गुडघा दुखतोय म्हणत निघून गेल्या. बोलघेवडी बाई, पण त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर काढलेलं नाही.

ताई, ती लोकर तुला आठवायला हवी. त्या पावसाळ्यात तू आली होतीस. आमच्या हिचा खोकला थांबत नव्हता, डॉक्टरांनी छातीचं काही खरं नाही म्हणून सांगितलं होतं. चिमी तिला आपल्या घरी न्यायला आली होती आणि ही पलंगाची कड धरून बसलेली, की मी इथेच राहणार, मला त्या खिडकीतून बंदराचा दिवा दिसतो. मी हिच्या बाजूने बोललो. चिमीने त्याबद्दल मला कधी माफ केलं नाही. पण मग रजा टाकून तीच इथे राहिली, पलंगाच्या पायथ्याशी बसून आईसाठी स्वेटर विणत. लोकर नारिंगी का, तर आईचा चेहरा फार पांढरा दिसतो म्हणून. विणकाम इतकं दिव्य की एक बाही कोपरापर्यंतच आणि दुसरी हत्तीला. तुझ्या भावजयीने तो घालून आरशात पाहिलं आणि इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. तिचं ते शेवटचं मोठं हसणं. स्वेटर माझ्या ट्रंकेत आहे. थंडीत मी घालतो, कोणी बघत नसताना.

खाचेतून वारा यायचा, शिटी वाजल्यासारखा, थेट तिच्या मानेवर. तू ती गोष्ट सगळ्यांना सांगतेस. चिमीने उरलेली लोकर घेतली, विणायच्या सुईने एकेक भोकात ठासून भरली, वर मेणबत्तीचं मेण ओतलं, आणि आईला म्हणाली, बघ, वाऱ्याचं तोंड शिवलं. पोरीची माया काय असते ती त्या दिवशी पाहिली, असं म्हणून तू डोळे पुसतेस. मी तेव्हा डेकवर दिवा उतरवत होतो. पुढे ती गोष्ट तुझ्या तोंडून कितीदा ऐकली, पण तू ‘फटी’ म्हणायचीस आणि मी समजायचो काचेच्या फटी. काचेभोवतीच्या फटी बुजवल्या तर बिघडत काहीच नाही. ही भोकं माझ्या डोक्यातही आली नाहीत. उशाची ओल त्याच आठवड्यापासूनची. आधी बोट थोडीफार गळायची, पण पलंग कोरडा होता.

तुझ्यापासून काय लपवू. बोळा हातात आला तेव्हा पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मी नव्हतो. सहा वर्षं मान खाली घालून राहिलो आणि मी नव्हतोच. फोन उचलला होता, चिमीचा नंबर लावायचा तेवढा बाकी होता. म्हणणार होतो, ये आणि बघ कोणी काय केलं ते. मग हातात ती लोकर होती आणि मला चिमी दिसली, ओठ घट्ट मिटून सुईने बोळे ठासणारी, लहानपणी गृहपाठ करताना जीभ बाहेर काढायची तशी. फोन ठेवून दिला. मला लाज वाटली, आणि नंतर खूप रडू आलं.

डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की ओल असो नसो, ती फार तर पुढचा उन्हाळा पाहील. पण हे चिमीला सांगून उपयोग नाही. ती दिवसभर लोकांचं रक्त तपासते, तिला ‘बहुतेक’ आणि ‘साधारण’ चालत नाही. आईचा एक उन्हाळा आपल्या हाताने गेला, असा हिशेब ती मांडील आणि जन्मभर मांडत राहील. मला दोष देऊन ती निदान शांत झोपते. मला एकाने बोललं काय आणि दहांनी बोललं काय, आता सवय झाली.

म्हणून मी काय केलंय ते सांगतो. भोकं मोकळी केली, आता मुसळधार पावसातही भिंत कोरडी खडखडीत आहे. पण उघडी भोकं दिसली की तिला लोकर आठवेल. तेव्हा जुन्या डब्याचा पत्रा कापून प्रत्येक भोकावर बाहेरून छोटी टोपी बसवली, खालून पाणी जातं, वरून भोक दिसत नाही. आतल्या खाचेत काळी जाळी बसवली, तिच्याखालून पाणी बरोबर निघतं. पलंगाला नव्या फळ्या घातल्या. आणि छपरावर तो बिचारा दिवा पुन्हा उतरवला. त्याचा एक स्क्रू मुद्दाम तिरका घातला, लाकूड तडकेपर्यंत पिळला, काढला, आणि शेजारी नवं पांढरं सीलंट भरून दिवा नीट बसवला. तडकलेलं लाकूड तसंच दिसेल असं ठेवलंय. चिमी विचारील, कुठे होतं? मी बोट दाखवीन. म्हणेन, बघ, तुझ्या बापाने स्क्रू वाकडा घातला आणि सहा वर्षं त्याच्याच लक्षात आलं नाही. आयुष्यात एकही स्क्रू वाकडा न घातलेल्या माणसाला तो घालताना किती जड गेलं, हे फक्त तुला सांगतोय.

आता तुझं काम. तू येशील, त्या खिडकीशी बसशील, ठमी मांडीवर असेल, आणि तुझ्या तोंडात ती गोष्ट येईल, मला खात्री आहे. तुझ्या आईने आजीसाठी वाऱ्याचं तोंड शिवलं होतं. ताई, ती गोष्ट आता सांगू नकोस. या वेळीही नको आणि पुढेही नको. तुझी ती सगळ्यात आवडती गोष्ट आहे, माझीही आहे, पण ती आपल्या दोघांपाशीच राहू दे. आणि चिमीलाच आठवली, तिनेच विचारलं की आत्या, मी भरलेली ती लोकर कुठे गेली, तर सांग, अगं, ती तुझ्या बापाने दुसऱ्याच दिवशी उपटून फेकली, असला मेला तिरसट माणूस, पोरीच्या मायेची किंमत नाही. ती माझ्यावर चिडेल. चिडू दे. चिडून का होईना, ठमीला घेऊन पुन्हा येईल. तुला खोटं बोलता येत नाही, तुझे कान लाल होतात, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. तर असं कर, येताना कानटोपी घालून ये, कोणी विचारलं तर म्हण, बोटीवर वारा फार लागतो. हे पत्र वाचलंस की चुलीत घाल. लोकर मात्र मी टाकलेली नाही. धुऊन वाळवली, थोडा रंग परत आलाय, आणि स्वेटरची ती आखूड बाही त्याच लोकरीने मी पुरी करत आणलीय. मला टाके कुठे येतात गं, पण मास्तरीणबाई दाखवतात आणि काही विचारत नाहीत.

वाट बघणारा,
तुझाच,
पाणकोंबडा